दुसरा रिमोट

आमच्या गेमला दोन रिमोट होते.
पहिला कैलासदादाचा.
दुसरा माझा. त्याची वायर आतून तुटलेली होती
हे मला चौथीत कळलं.
तोवर मी मन लावून बटणं दाबली
आणि पडद्यावर जे जे झालं
ते थोडंफार माझ्यामुळे, असं धरून चालले.

कळल्यावर रडले नाही.
रिमोट मांडीवर ठेवला
आणि ऐकायला लागले.

भुसावळ, मे महिना, सत्तेचाळीस अंश.
रेल्वे क्वार्टरच्या खिडकीत कूलर घोंघावतोय,
यार्डात डबे जोडल्याचे धडाके,
आणि त्या सगळ्याच्या फटीतून
एक बारीक, टोकदार, न दमणारी धून.
दादा मरायचा, धून पहिल्यापासून.
परत मरायचा.
परत पहिल्यापासून.
पाण्याखालच्या स्टेजला तो फार टिकला नाही कधी,
म्हणून तिथली धून मला
साडेअकरा सेकंदच पाठ.

कॅसेटवर छापलेलं: नऊ लाख नव्व्याण्णव हजार
नऊशे नव्व्याण्णव गेम.
होते सात.
अडली की काढून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची.
तिच्यावर गावाचं नाव नाही, कंपनीचं नाही,
करणाऱ्याचं तर नाहीच.
मला वाटायचं, मशीनला आवाज फुटतोच,
जसा कूलरला फुटतो.
कूलरची चाल कुणी बांधली
असं विचारतं का कोणी?

आता मी दीपनगरला, कंट्रोल रूममध्ये.
रात्रपाळी करून आले की झोप उडालेली असते.
अशाच एका सकाळी, चहा निवत ठेवून,
पाण्याखालची ती धून मी शोधली.
सापडली. अख्खी. एक मिनिट आठ सेकंद.
बाराव्या सेकंदाला मी कप खाली ठेवला.
पुढे ती वळत होती.
तिला पुढे एक अंगणच होतं,
आणि इतकी वर्षं आम्ही उंबऱ्यावर बुडत होतो.

खाली नाव होतं. बाईचं. तेही टोपणनाव.

तिच्या हाताशी आवाज चारच:
दोन चौकोनी, एक तिकोनी,
चौथा नुसता खरखराट.
चार वांग्यांच्या भरतात बारा पानं उठवावीत
तसं तिनं ते पुरवलंय.
तीन सूर एकदम लावायला जागा नाही,
तर ते एकामागोमाग असे भराभर सोडते
की कानाला वाटावं, एकत्रच आहेत.
फसवणूक म्हणा.
तुटक्या वायरीची मला सवय आहे.

मग एकातून दुसरा निघत गेला.
कुठल्या बर्फाच्या गावचा पोस्टमन,
दिवसा दात काढणारी, रात्री चिप वाजवणारी एक डॉक्टरीण,
आणि एक, 'आठ आणे' नाव लावणारा.
आठ बिट, म्हणून आठ आणे.
त्याच्या एका तुकड्याचं नाव: 'केळी, लाइन नंबर सहा'.
मी ऐकला. चौथा आवाज, तो खरखराट,
अर्ध्या मात्रेनं उशिरा येत होता.
बफरला बफर लागतो
आणि धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो, तसा.
हे दुसरं काही असूच शकत नव्हतं.

ओजस फिरके, वय एकोणीस, मुक्काम सावदा.
भंगारातून आणलेल्या हातातल्या गेमवर बनवतो.
फोनवर म्हणाला,
"मावशी, तुमाले कसं वयखू आलं?
घरचे तर म्हणता, मोबाइल बिघडला का याचा."

दादा आता सुरतला असतो, साड्यांच्या हिशोबात.
त्याला मी पाण्याखालची धून पाठवली, पूर्ण.
दोन दिवसांनी फोन आला.
पोरांचं, उन्हाचं, गुडघ्याचं झालं,
मग म्हणाला, "ते काय पाठवलं होतं तू?"
सांगितलं.
"असं काही वाजायचं का तेव्हा?"

माझ्या रिमोटवर वाजायचं,
मी म्हटलं.